लग्न झालेल्या बहिणीचं नाव

फरीदाबादच्या आमच्या खोलीत सगळे ओरडून बोलायचे. भांडण म्हणून नव्हे, बाबांना ऐकू येत नसे म्हणून. साताऱ्याकडून कामाच्या शोधात आलेले बाबा वीस वर्षं पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर उभे राहिले आणि त्या मशीनने हळूहळू त्यांचे कान नेले. कारखान्याने ते कुठे लिहून ठेवलं नाही, त्यामुळे कागदोपत्री बाबांचे कान शेवटपर्यंत शाबूत होते. समोरचं माणूस बोलायला लागलं की बाबा मान हलवत ‘हां जी, हां जी’ म्हणायचे. समोरच्याला वाटायचं, यांना सगळं कळलं. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते, संतोष तीन वर्षांचा आणि विमलताई पंधराची. आईच्या तेराव्यानंतरच्या सोमवारी मी शाळेत गेले, ताई गेली नाही. कुणी तिला जाऊ नको म्हटलं नव्हतं. संतोषला सांभाळायला कुणीतरी हवं होतं, एवढंच. तिने स्वतःच्या शाळेचा निळा स्कर्ट उसवला आणि त्याचं मला दप्तर शिवून दिलं. ते दप्तर घेऊन मी दहावीपर्यंत गेले. पुढे ताईच्या फॉल-पिकोवर आणि गल्लीतल्या बायकांच्या ब्लाउजांवर मी कॉलेज केलं. आमच्या घराण्यात, आईकडच्या आणि बाबांकडच्या दोन्ही, पदवी घेतलेली मी पहिली. हे मी ताठ मानेने सांगते, पण ताईचं नाव घेतल्याशिवाय कधी सांगत नाही.

ती ताई दीड महिन्यापूर्वी गेली. मी नोएडाला ऑफिसात होते, जेवणाचा डबा नुकताच उघडला होता. दाजींचा फोन आला. ताईचे यजमान अगदी मोजकं बोलणारे. म्हणाले, “सुषमा, विमल शिलाई मशीनवरच बसली आहे. उठत नाहीये.” मी मयूर विहारला पोचले तेव्हा खालच्या मजल्यावरचे डॉक्टर येऊन गेले होते. पंख्याखाली कापडं अजून हलत होती...

दहा-बारा दिवसांनी इथल्या मराठी मंडळाने शोकसभा ठेवली. चांगली माणसं आहेत, मनापासून आली होती. पण एक गृहस्थ बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, “विमलताईंना शिवणकामाची आणि पार्सलं बांधायची फार आवड होती. परदेशी गेलेल्या जवानांना त्या खाऊ पाठवत.” लोकांनी माना डोलावल्या. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. आवड! पत्ते खेळायची आवड असते, भटकायची असते. माझ्या बहिणीने जे केलं त्याला आवड म्हणायचं असेल, तर मग कारखान्यात उभं राहायची बाबांनाही आवडच होती म्हणायची. हा लेख मी त्या एका शब्दासाठी लिहिते आहे. राग आलाय, आणि तो मी लपवणार नाही.

संतोष फौजेत गेला तो ताईच्या हातचं खाऊन वाढलेल्या अंगाने गेला. भरतीच्या वेळी तो पळायचा आणि ताई मैदानाच्या कडेला चप्पल हातात घेऊन उभी असायची, दमून थांबला तर दाखवायला. तो लागला, मगच ताईने लग्नाला हो म्हटलं. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. दाजी केंद्र सरकारच्या नोकरीत, मयूर विहारला दोन खोल्यांचा फ्लॅट. लग्नात बाबा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “आता ती त्यांची झाली.” आपल्याकडे असंच म्हणतात. ताई हसली होती. दर रविवारी मेट्रोने फरीदाबादला जाऊन बाबांचा आठवड्याचा मसाला-भाजी लावून देणारी बाई नेमकी कुणाची झाली, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. मीही नाही.

काही वर्षांनी संतोषची तुकडी आफ्रिकेतल्या एका देशात शांतिसेनेच्या मिशनवर निघाली. निळी टोपी, एक वर्षाची नेमणूक. ओळखीपाळखीच्या लोकांचं सुरू झालं. “अरे वा, फॉरेन पोस्टिंग!” “मजा आहे यार तुमच्या भावाची.” ताईच्या सोसायटीतल्या एक बाई तर म्हणाल्या, “आमच्यासाठी तिकडून काहीतरी मागवा ना.” ताईने विचारलं, “काय मागवू? मलेरिया?” त्या बाई पुढे दोन महिने तिच्याशी बोलल्या नाहीत. ताईला त्याचं काही नव्हतं. तिथे पावसात तंबूत पाणी शिरतं, रस्ता वाहून गेला की आठवडा-आठवडा डबाबंद जेवण, फोनला रेंज मिळवायला टाकीवर चढावं लागतं, हे तिला संतोषने सांगितलं होतं. ही ‘मजा’ तिला पाठ होती.

पार्सलं तिथून सुरू झाली. टपालाने काही धड पोचत नसे. पण तिकडे जाणारी माणसं दिल्लीतून निघायची, आणि निघण्याआधी काही दिवस इथल्या छावणीत असायची. त्यांच्यापैकी कुणाला विनंती केली तर आपल्या सामानात एखादं लहान पार्सल टाकून न्यायचे. ताईने पहिलं पार्सल केलं ते शेंगदाण्याची चटणी आणि कांदा-लसूण मसाल्याचं. मांजरपाटाच्या कापडात शिवून, वर मार्करने नाव लिहून. तिकडच्या दमट हवेत शाई पसरली आणि ते पार्सल चार दिवस भलत्याच्याच खाटेखाली पडून राहिलं. ताई म्हणाली, “शाई जाते. दोरा जात नाही.” तेव्हापासून प्रत्येक पार्सलावर ती नाव सुईने, लाल दोऱ्याने भरायची. साखळी टाक्यात, बोटभर उंचीची अक्षरं. हे बघून दुसऱ्या घरचे लोक यायला लागले. फरीदाबादजवळच्या बल्लभगढहून जवानांच्या आया देशी तुपाचे डबे घेऊन यायच्या. एकदा एका डब्यातून तूप गळून सगळ्यांच्या पार्सलांना लागलं, तेव्हापासून ताईचा कायदा झाला: “घी लड्डू के अंदर. डिब्बे में नहीं.” कुणी वाद घातला की म्हणायची, “चाची, आपका बेटा घी पिएगा या खाएगा?” अशा त्या दोन खोल्या. पलंगाखाली मूग, हरभरे, गोंदाचे म्हणजे डिंकाचे लाडू, आणि दाजी बिचारे आपल्याच घरात पाय उचलून चालायचे.

आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगते आहे ते. निघण्याआधी जवानाकडून एक कागद भरून घेत. काही झालं तर कुणाला कळवायचं, त्याचा. संतोषने छावणीतून त्या कागदाचा फोटो मला पाठवला आणि फोन केला. “दीदी, तू शिकलेली आहेस. एकच ओळ आहे. कुणाचं नाव लिहू? मी ताईचं लिहितो.” फरीदाबादला वाढलेला, मला दीदीच म्हणतो. मी तेव्हा नोएडाच्या कंपनीत हेच काम करत होते, नवीन माणसांचे फॉर्म तपासायचं. मी रुबाबात म्हटलं, “ताईचं नको. तिचं आडनाव बदललंय, पत्ता वेगळा, लग्न झालेलं. क्लार्क शंका काढेल, कागद परत येईल. माझंही तेच. बाबांचं लिही, सरळ काम.” तो म्हणाला, “पण बाबांना तर...” मी म्हटलं, “अरे, बाबांना कळलं म्हणजे आपल्याला कळलंच ना!” त्याने बाबांचं नाव लिहिलं. खाली बाबांचा मोबाइल नंबर.

सात महिन्यांनी एका मंगळवारी सकाळी बातमी आली की तिकडच्या एका छावणीवर हल्ला झाला, काही भारतीय जवान जखमी आहेत. नावं नव्हती. संतोषचा फोन लागत नव्हता. ताई रिक्षा-मेट्रो करत दिल्लीतल्या फौजेच्या कार्यालयात गेली, मिशनवरच्या जवानांची नोंद तिथे असायची. खिडकीवरचा माणूस वाईट नव्हता, हे ताई स्वतः सांगायची. त्याने रजिस्टर उघडलं, संतोषचं नाव शोधलं आणि मग ताईचं नाव विचारलं.

“ये सरनेम तो अलग है.”

“शादी हुई है मेरी. सगी बहन हूँ.”

“तो मैडम, आप फ़ैमिली में नहीं आतीं. फ़ैमिली को सूचित कर दिया गया है.”

“भैया, फ़ैमिली तो मैं ही हूँ.”

त्याने रजिस्टर मिटलं. नियम म्हणजे नियम. विचार करा... ज्याला कडेवर घेऊन तिने पोळ्या लाटल्या, ज्याच्या तापात तिने रात्ररात्र जागून काढली, तो जिवंत आहे की नाही हे त्या मिटलेल्या रजिस्टरात लिहिलेलं होतं, हातभर अंतरावर. आणि ते तिला सांगता येत नव्हतं, कारण तिचं लग्न झालं होतं. संतोषचं लग्न झालं असतं तर कालच आलेल्या त्याच्या बायकोला पहिला फोन गेला असता, आणि जायलाच हवा. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण बहिणीच्या लग्नाने ती भावाची कुणीच राहत नाही, हे कुठल्या आईच्या पोटी जन्मलेल्या माणसाने ठरवलं?

‘फ़ैमिली को सूचित कर दिया’ म्हणजे कुणाला? आम्ही बाबांच्या शेजाऱ्यांना फोन केला. त्यांनी जाऊन बाबांना ओरडून विचारलं. बाबा म्हणाले, कुणाचाच काही निरोप नाही. मग आम्हाला वाटलं, यांनी भलत्याच घरी कळवलं, किंवा खोटं सांगताहेत. बुधवारी ताई पुन्हा त्या खिडकीवर. गुरुवारी पुन्हा. तेच उत्तर. तिने तीन दिवस पार्सलाला हात लावला नाही. दाजींनी चहा केला की तो ओट्यावर तसाच गार व्हायचा.

गुरुवारी दुपारी मी सुट्टी टाकून फरीदाबादला गेले. बाबांच्या फोनमध्ये सहज पाहिलं, तर मंगळवारी सकाळी एका अनोळखी नंबरचा फोन येऊन गेला होता. बावन्न सेकंद. बाबांना तो दाखवला. ते म्हणाले, “हां, आला होता एक. मी म्हटलं हां जी, हां जी. मग त्याने ठेवला.” बाबा अगदी निरागसपणे सांगत होते. त्यांच्या दृष्टीने तो फोन नेहमीसारखाच होता. कुणीतरी बोलतं, आपण हां जी म्हणायचं, तो ठेवतो. सरकारी माणसाने एका बहिऱ्या म्हाताऱ्याच्या कानात मुलाची खबर ओतली, वहीत खूण केली आणि त्याचं कर्तव्य पार पडलं. आणि ही सगळी व्यवस्था मी केली होती. घरातल्या पदवीधराने.

मी तोच नंबर लावला, फोन स्पीकरवर केला आणि बाबांच्या कानाशी ओरडले, “बाबा, फक्त म्हणा, मी बाप बोलतोय!” बाबा गल्लीला ऐकू जाईल असे गरजले, “हां जी! मैं बाप! बाप बोल रहा हूँ!” पलीकडचा माणूस दचकला असावा. मग मी विचारत गेले आणि तो सांगत गेला. संतोष जिवंत होता. मांडीचं हाड मोडलं होतं, तिथल्याच रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली होती, धोका नव्हता. मी ताईला फोन केला. ती आधी रडली, मग ‘मैं बाप बोल रहा हूँ’ ऐकून हसत सुटली, हसता हसता थांबली आणि म्हणाली, “सुषे, तू शिकलेली ना गं?” एवढंच. परत आयुष्यात तिने तो विषय माझ्यापाशी काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या मंगळवारी ती पुन्हा त्या कार्यालयात गेली. अर्ज घेऊन. ती बोलली, मी लिहिला, हिंदीत. माझ्या पहिल्या मसुद्यात ‘विनम्र निवेदन’, ‘कृपया विचार व्हावा’ असलं बरंच होतं. ताईने ते सगळं खोडायला लावलं. “भीक मागतेय का मी? सरळ लिही. एका नावाने भागत नाही. दोन नावं हवीत. दुसरं नाव जवान स्वतः सांगेल, त्याचं नातं, त्याचं लग्न कुणी विचारायचं नाही. फोन दोघांना जाईल.” अर्ज ठेवून घेतला गेला. त्यानंतर ती दर मंगळवारी जायची. संतोष बरा होऊन, किंचित लंगडत घरी आला, तरी जायची. तो म्हणाला, “ताई, बस कर आता. युनिटमधे लोक मला बोलतात, तेरी दीदी ने तो मोर्चा खोल दिया.” ताई म्हणाली, “तू गप रे. तुझ्यासाठी करतच नाहीये. तू आलास घरी.” लोकांना हा वेडेपणा वाटायचा. मंडळातल्या एकीने तिला समजावलं, “विमल, एवढा मोठा देश चालवायचा असतो त्यांना. आपल्यासारख्या बायकांसाठी नियम बदलतात का?” ताई म्हणाली, “आपल्यासारख्या बायकांसाठी नियम केला तेव्हा कसा वेळ मिळाला?”

तिने सह्या गोळा केल्या, पार्सलं द्यायला येणाऱ्या आयांच्या, बहिणींच्या, आत्यांच्या. कुणाला लिहिता येत नव्हतं, त्यांचे अंगठे. पार्सल घेताना लाडू मोजायचे, गाठ तपासायची आणि मग अर्ज पुढे सरकवायचा. साडेतीन वर्षं ती त्या इमारतीत जात राहिली. खिडकीवरची माणसं बदलली. एकदा तिला सांगितलं गेलं की अर्ज सापडत नाही. तिने पिशवीतून दुसरी प्रत काढली. तिसरीही होती.

शेवटी एका मंगळवारी तिला आत बोलावलं. नवीन आलेले अधिकारी होते, स्वतः त्या मिशनवर जाऊन आलेले. अर्ज वाचून त्यांनी मान वर केली आणि अचानक विचारलं, “वो धागे के नाम वाले पार्सल... वो आप सिलती हैं?” ताई म्हणाली, “जी. मार्कर मिट जाता है.” त्यांनी अर्ज खाली ठेवला. मग म्हणाले की तिकडच्या स्टोअरमध्ये पाणी शिरलं होतं तेव्हा फक्त तेवढी पार्सलं ज्याची त्याला मिळाली होती. ताईने त्यांना धन्यवाद वगैरे काही म्हटलं नाही. ती म्हणाली, “साहब, मेरा नाम भी ऐसे ही किसी काग़ज़ पे टाँक दीजिए.” हे तिने मला घरी येऊन सांगितलं, आणि सांगताना हात धुवायला उठली, म्हणजे मला तिचा चेहरा दिसू नये.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. सगळीकडे बदल झाला, असं मी म्हणत नाही. खोटं कशाला बोलू? त्या एका कार्यालयातून मिशनवर जाणाऱ्या तुकड्यांपुरता झाला. एक साधं पान आहे, मूळ कागदाला टाचलेलं. या पानावरून कुणी भाषण केलं नाही, ताईला कुणी शाल-श्रीफळ दिलं नाही. तिला ते नकोच होतं. पण तिच्या शोकसभेत त्या पानाचं नाव कुणी घेऊ नये आणि ‘आवड’ म्हणावं, हे मला सहन होत नाही. पूर्वी बाबांचे कान कागदावर आले नाहीत. ताईचं काम तरी यावं, म्हणून हे लिहिलं.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी ताईच्या घरी आवराआवर करत होते. सुट्टीवर आलेला संतोष आणि दाजी बाहेरच्या खोलीत बसले होते, टीव्ही न लावता त्याच्याकडे बघत. बल्लभगढहून एक तरुण बाई आली. कडेवर लहान मुलगी, हातात पिशवी. ताई गेल्याचं तिला माहीत नव्हतं, ती पार्सलाचं विचारायला आली होती. दारातच तिला सांगावं लागलं. ती खाली बसली. मग म्हणाली, “मेरा भाई सुरेंदर वहीं है. दो महीने पहले उसकी गाड़ी पलट गई थी. माँ तो पढ़ी-लिखी है नहीं, घबरा जाती. फ़ोन मेरे पास आया, उसी दिन. मैंने पूछा, मेरी तो शादी हो चुकी, मुझे कैसे किया? बोले, आपका नाम लिखा है.” संतोष उठून आत गेला.

सुरेंदरचं पार्सल मशीनवरच होतं. ताई तेच शिवत बसलेली असताना गेली. भाजलेले हरभरे आणि गोंदाचे लाडू, कापड तीन बाजूंनी शिवलेलं, वर लाल दोऱ्यात ‘सुरें’ एवढी अक्षरं झालेली आणि सुई तिथेच टोचून ठेवलेली. मला शिवण येत नाही. ताईने कधी शिकू दिलं नाही, म्हणायची, तू पुस्तकं वाच. त्या बाईच्या समोर बसून मी ‘दर’ पुरं केलं. दोनदा बोटाला सुई लागली. टाके वाकडे आलेत, ‘र’ तर फारच मोठा झालाय, पण वाचता येतो. चौथी बाजू तिने शिवली. पुढच्या आठवड्यात निघालेल्या एका जवानाने ते पार्सल नेलं, आणि ते पोचलं.

त्या कागदावर आता दोन नावं असतात. दुसरं नाव जवान स्वतः सांगतो. ते लग्न झालेल्या बहिणीचं असलं तरी चालतं, आणि काही झालं तर त्याच दिवशी तिला फोन जातो.